सेरिफहीन अक्षर आणि स्थूलसूक्ष्मभेद : एका वर्गनामाचा इतिहास

रोमन लिपीच्या छापील अक्षरांचे जे वर्ग मुद्रणव्यवसायात रूढ झाले आहेत, त्यांपैकी एका वर्गाला इंग्रजीत 'सॅन्स सेरिफ' असे म्हणतात. फ्रेंचमध्ये त्याच वर्गाला 'लिनेआल' हे नाव आहे आणि १९६४ च्या जर्मन प्रमाणसंहितेत 'सेरिफेनलोझे लिनेआर-अँटिक्वा' असे लांबलचक नाव आहे. तिन्ही नावे एकाच वस्तूची आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. परंतु नावांचा शब्दार्थ पाहिला तर ती एका वस्तूची नावे आहेत असे म्हणवत नाही. इंग्रजी नाव अभाववाचक आहे. अक्षराच्या मुख्य रेघेच्या टोकाशी जी लहानशी आडवी रेघ असते, ती ह्या अक्षरांना नाही, एवढेच ते सांगते. फ्रेंच नाव भाववाचक आहे. हे अक्षर आरंभापासून अखेरीपर्यंत एकाच जाडीच्या रेषेने घडलेले आहे, असे ते सांगते, आणि टोकाशी काय आहे किंवा नाही ह्याविषयी मौन पाळते. जर्मन नावाने दोन्ही गोष्टी एका समासात बांधून टाकल्या आहेत. इंग्रजांनी आपल्या नावातील अर्धा शब्द फ्रेंचांकडून घेतला आणि फ्रेंचांनी मात्र तो वापरला नाही, ही त्यातील आणखी एक गंमत.

ज्या अक्षरांना टोकाची रेघही नाही आणि जाडबारीकपणाही नाही, त्यांच्या बाबतीत ही तिन्ही नावे सारखीच चालतात. प्रश्न उभा राहतो तो ज्या अक्षरांना टोकाची रेघ नाही पण रेघांचा जाडबारीकपणा मात्र ठळक आहे, अशा अक्षरांपुढे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात अशी अक्षरे पॅरिस, न्यू जर्सी, शिकागो येथे निर्माण झाली. त्यांतील पुष्कळशी उंच, अरुंद बांध्याची आणि शीर्षकांसाठी, भित्तिपत्रकांसाठी, अत्तरे व वस्त्रप्रावरणे ह्यांच्या जाहिरातींसाठी योजलेली होती. त्यांना इंग्रजी व्यापारात 'सॅन्स' म्हटले गेले, आणि फ्रेंच नाव लावावयाचे झाले तर ते सरळसरळ खोटे ठरत होते. ह्या अक्षरांचा इतिहास म्हणजे एका अर्थी ह्या नावांच्या अपुरेपणाचाच इतिहास आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी टोकाच्या रेघेला 'सेरिफ' हे रूढ नाव कायम ठेवून, एकाच अक्षरातील जाड व बारीक रेघांमधील अंतराला 'स्थूलसूक्ष्मभेद' म्हणणे इष्ट होईल. निकोलाय त्रुबेत्स्कॉय ह्याने १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ध्वनिविचारविषयक ग्रंथात विरोधांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांपैकी दोन येथे उपयोगी पडतात. काही विरोध 'आहे' आणि 'नाही' एवढ्याच स्वरूपाचे असतात. घोष आणि अघोष ह्यांतील विरोध असा आहे. काही विरोध मात्र क्रमिक असतात, जसे स्वरांच्या उच्चारातील जिभेच्या उंचीचे. सेरिफ हे पहिल्या प्रकारात मोडते, निदान मुद्रणव्यवसायाने ते तसे मानले. स्थूलसूक्ष्मभेद हा निःसंशय दुसऱ्या प्रकारचा आहे. तो शून्याजवळून आरंभ करून केसासारख्या रेघेपर्यंत कितीही वाढविता येतो. दोन्ही लक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, आणि म्हणून त्यांच्या योगाने चार घरे तयार होतात. सेरिफ आणि भेद दोन्ही असणारी बोदोनीची अक्षरे पहिल्या घरात बसतात. सेरिफ आहे पण भेद फारसा नाही अशी, ठोकळ्यासारख्या टोकांची 'इजिप्शियन' अक्षरे दुसऱ्या घरात येतात. दोन्ही नसणारे 'फ्यूचुरा' तिसऱ्यात येते. चौथे घर सेरिफहीन परंतु भेदयुक्त अक्षरांचे. आंद्रे मार्तिने ह्याने १९५५ च्या ग्रंथात ध्वनिव्यवस्थेतील 'रिकाम्या घरा'ची जी कल्पना मांडली, ती येथे आठवल्यावाचून राहत नाही. फरक इतकाच की हे चौथे घर मुळात रिकामे नव्हते. त्यातील रहिवासी एकदा निघून गेले होते.

ते रहिवासी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील फ्लॉरेन्सचे. गिबेर्ती, दोनातेल्लो, लूका देल्ला रोब्बिया ह्या शिल्पकारांनी आपल्या कामांवर जी मोठी अक्षरे कोरली, ती प्राचीन रोमन अक्षरांच्या प्रमाणात होती, त्यांच्या रेघांत जाडबारीकपणा होता आणि रेघा टोकाकडे किंचित रुंदावत होत्या, पण सेरिफ मात्र नव्हते. लूकाने १४३१ ते १४३८ ह्या काळात फ्लॉरेन्सच्या मुख्य मंदिरासाठी घडविलेल्या गायनसज्जावरील पट्टिका हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण होय. ह्या अक्षरांचा पद्धतशीर विचार निकोलेट ग्रे ह्या विदुषीने १९६० मध्ये केला, तोपर्यंत मुद्रणाच्या इतिहासकारांनी तिकडे फारसे लक्ष दिले नव्हते. ह्याचे कारण उघड आहे. १४६० च्या सुमारास व्हेरोनाच्या फेलिचे फेलिचानोसारखे पंडित साम्राज्यकालीन शिलालेखांची मापे घेऊ लागले, सेरिफयुक्त रोमन अक्षर हेच खरे प्राचीन अक्षर असे ठरले, आणि १४७० मध्ये व्हेनिसला निकोला झाँसाँने आपले रोमन खिळे पाडले तेव्हा त्यात सेरिफ पक्के बसले होते. फ्लॉरेन्सची पद्धत छापखान्यात कधी शिरलीच नाही. ती दगडात राहिली.

त्यानंतर साडेतीनशे वर्षे मुद्रणात सेरिफ आणि स्थूलसूक्ष्मभेद ही दोन्ही बरोबरच वाढत गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये फिर्में दिदोने आणि पार्मामध्ये जांबात्तिस्ता बोदोनीने बारीक रेघ इतकी बारीक केली की तिच्या पुढे जाणे धातूला शक्य नव्हते, आणि सेरिफही त्याच जाडीचे, म्हणजे एका केसाएवढे झाले. वाचकाच्या मनात 'जाडबारीक अक्षर' आणि 'सेरिफचे अक्षर' ह्यांचे समीकरण येथे पुरे झाले. उलट बाजूचे समीकरण लंडनमध्ये तयार झाले. १८१६ मध्ये चौथ्या विल्यम कॅझलनने आपल्या नमुनापुस्तकात एका ओळीपुरती सेरिफहीन मोठी अक्षरे दाखविली. रेघ सर्वत्र जवळजवळ सारखी. नाव मात्र 'इजिप्शियन', जे पुढे नेमक्या उलट लक्षणांच्या, ठोकळेबाज सेरिफच्या अक्षरांना चिकटले. १८३२ मध्ये व्हिन्सेंट फिगिन्सने 'सॅन्स सेरिफ' हे नाव वापरले आणि १८३४ च्या सुमारास विल्यम थॉरोगुडने 'ग्रोटेस्क' हे. 'सेरिफ' हा शब्द डच भाषेतील रेघ ह्या अर्थाच्या 'स्ख्रेफ' ह्या शब्दावरून आला असे एक मत आहे. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाने मात्र तो 'सॅन्सेरिफ' ह्या शब्दापासून उलट मार्गाने निघाला असावा, अशीही शक्यता बोलून दाखविली आहे. तसे असेल तर अभावाला आधी नाव मिळाले आणि ज्याचा अभाव त्याला नंतर, असा शब्दांच्या इतिहासातील एक विरळा प्रकार येथे घडला असे म्हणावे लागेल.

एकोणिसाव्या शतकातील ही सेरिफहीन अक्षरे जाहिरातींची होती, ग्रंथांची नव्हती. त्यांच्याकडून सौंदर्याची अपेक्षा कोणी केली नाही. 'ग्रोटेस्क' ह्या नावातच ते आले. विसाव्या शतकात एडवर्ड जॉन्स्टनने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये, पाउल रेनरने 'फ्यूचुरा'च्या रूपाने १९२७ मध्ये आणि एरिक गिलने १९२८ मध्ये ह्या अक्षरांना प्रतिष्ठा मिळवून दिली. ही प्रतिष्ठा समान जाडीच्या रेघेची होती. यंत्रयुगाला शोभेल असे निरलंकार अक्षर म्हणजे कंपासपट्टीने काढल्यासारखे अक्षर, असा तो सिद्धान्त होता. तथापि येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. खरोखरी समान जाडीची रेघ डोळ्याला समान दिसत नाही. आडवी रेघ उभीपेक्षा जाड भासते आणि जेथे कमान उभ्या दांड्याला मिळते तेथे काळा डाग पडतो. म्हणून 'फ्यूचुरा'तही आडव्या रेघा किंचित बारीक केल्या आहेत आणि सांध्यांजवळ रेघ निमुळती होत गेली आहे. अर्थात 'एकरेषीय' अक्षर ही एक सोयीची कल्पना आहे. जिला शून्य म्हटले गेले ती क्रमाची एक खालची पायरी होती, एवढेच.

त्या पायरीवरून वर चढण्याचे पहिले धीट प्रयत्न अमेरिकेत झाले. न्यू जर्सीतील अमेरिकन टाइप फाउंडर्स ह्या फाउंड्रीसाठी मॉरिस फुलर बेंटनने १९२७ च्या सुमारास 'ब्रॉडवे' आणि १९२८ मध्ये 'पॅरिशियन' ही अक्षरे काढली. 'ब्रॉडवे'त जाड रेघ इतकी जाड आणि बारीक इतकी बारीक आहे की अक्षर वाचण्याऐवजी पाहिले जाते. नाटकगृहांच्या दर्शनी फलकांना ते शोभले आणि तेथेच राहिले. 'पॅरिशियन' त्यामानाने सडपातळ आणि संयमी आहे. दोन्ही अक्षरांमागे काही सिद्धान्त होता असे दिसत नाही. बाजारात जे चालेल ते करण्यात बेंटन वाकबगार होता आणि त्याने ते केले.

सिद्धान्त पॅरिसहून आला. देबेर्नी ए पेन्यो ह्या फाउंड्रीचा चालक शार्ल पेन्यो ह्याने त्या काळचा अग्रगण्य भित्तिपत्रककार कासांद्र ह्याच्याकडून अक्षरे काढून घेण्यास १९२९ पासूनच सुरुवात केली होती. कासांद्र हे टोपणनाव. त्याचे मूळ नाव अदोल्फ मुराँ, जन्म १९०१ मध्ये खार्कोव्ह येथला. 'नॉर एक्सप्रेस' ह्या आगगाडीचे १९२७ चे आणि 'नॉर्मांदी' ह्या जहाजाचे १९३५ चे त्याचे भित्तिपत्रक ज्यांनी पाहिले असेल, त्यांना उंच, निमुळत्या आकारांची त्याची ओढ सांगावयास नको. १९३७ मध्ये पेन्योने त्याचे नवे अक्षर बाजारात आणले आणि त्याला आपल्याच घराण्याचे नाव दिले. 'पेन्यो' तीन जाडींत निघाले. सेरिफ नाही, भेद ठळक, बांधा उभट. त्याच वर्षी पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते झळकले. प्रदर्शनासाठी बांधलेल्या पाले द शायो ह्या वास्तूवर पॉल व्हालेरीची वचने ह्याच वळणात कोरली गेली.

ह्या अक्षराची खरी धिटाई मात्र भेदात नव्हती. कासांद्रचे म्हणणे असे होते की रोमन लिपीची लहान अक्षरे ही मोठ्या अक्षरांचीच, लेखकांच्या हातून शतकानुशतके झिजत गेलेली रूपे आहेत. लेखणीच्या घाईने जे विकृत झाले ते कोरलेल्या आणि ओतलेल्या अक्षराने पाळत बसण्याचे कारण नाही. म्हणून 'पेन्यो'त 'ई', 'जी', 'एन', 'आर' ह्यांच्या लहान रूपांच्या जागी मोठी रूपेच लहान आकारात बसविली आहेत. शब्दाची बाह्यरेखा डोळ्याला ओळखू यावी म्हणून काही अक्षरांचे वर-खाली जाणारे दांडे तेवढे राखले आहेत. लिपीच्या इतिहासाचा हा अर्थ भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटेल. बोली म्हणजे ग्रंथभाषेचा अपभ्रंश, असे मानणाऱ्या वैयाकरणाचीच ही भूमिका आहे. वस्तुतः बोलीला स्वतःची व्यवस्था असते, तशीच ती लहान अक्षरांनाही होती, आणि हजार वर्षांच्या वाचनाने ती पक्की झालेली होती. 'पेन्यो' पुस्तकांचे अक्षर व्हावे ही आकांक्षा फसली. पुस्तकांनी ते घेतले नाही. शीर्षकांनी, मद्याच्या बाटल्यांनी आणि दुकानांच्या पाट्यांनी घेतले. पुढे १९७० ते १९७७ ह्या काळात अमेरिकेत चाललेल्या मेरी टायलर मूर हिच्या दूरचित्रवाणी मालिकेच्या नामावलीत ते पुन्हा घराघरांत दिसू लागले. सुधारक म्हणून जन्मलेले अक्षर शोभेचे म्हणून जगले, असे त्याचे वर्णन करता येईल.

परंतु कासांद्रच्या विवेचनात एक विसंगती आहे, आणि ती ह्या सर्व अक्षरांच्या मुळाशी जाते. लेखणीचे संस्कार पुसून टाकावयाचे होते, तर जाडबारीकपणा का ठेवला? तो तर निखळ लेखणीचाच संस्कार आहे. रुंद तोंडाची लेखणी तिरपी धरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ काढली की ती जाड येते आणि वर जाणारी रेघ बारीक येते. म्हणून रोमन 'ए'चा डावा पाय बारीक आणि उजवा जाड असतो, 'व्ही'चे उलट असते, 'यू'चा डावा दांडा जाड व उजवा बारीक असतो. 'एन'ची तर मौज आहे. तिचे दोन्ही उभे दांडे बारीक आणि मधली तिरपी रेघ जाड. आता 'पेन्यो', 'ब्रॉडवे' ह्यांपैकी कोणतेही अक्षर घेऊन पाहावे. लेखणी कोठेही नाही, सेरिफ नाही, तरीही जाडबारीकपणाची वाटणी ह्याच जुन्या नियमाने झालेली आहे. 'ए'चा डावा पाय जाड केलेला आढळला तर वाचकाला ते अक्षर आरशात पाहिल्यासारखे वाटेल. मराठी वाचकाला ह्याचे प्रत्यंतर आपल्याच लेखनपद्धतीत मिळेल. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी जे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, ते त्यापूर्वी 'घरांत', 'नांव' असे डोक्यावर वाहिले जात होते. त्यांमागचा नासिक्य उच्चार प्रमाण बोलण्यातून केव्हाच लोपला होता. उच्चार गेला, खूण राहिली, आणि खुणेचे नियम मात्र काटेकोरपणे पाळले गेले. सेरिफहीन भेदयुक्त अक्षरांतील जाड रेघ ही अशीच अनुच्चारित लेखणीची खूण होय.

ती केवळ खूण म्हणून राहिली नाही, तिला नवे काम मिळाले, ह्याचा पुरावा शिकागोत सापडतो. लड्लो टायपोग्राफ कंपनीचा अक्षररचनाकार रॉबर्ट हंटर मिडल्टन हा जन्माने स्कॉट, १८९८ चा. १९२३ मध्ये तो कंपनीत आला आणि १९८५ मध्ये वारला तेव्हा त्याच्या नावावर शंभराच्या आसपास अक्षरवळणे होती. १९२९ मध्ये त्याने 'स्टेलर' काढले. त्यात रेघा टोकाकडे अगदी थोड्या रुंदावतात. १९३८ पासून 'रेडियंट' मालिका निघू लागली, आणि तिच्यातील अरुंद व अतिअरुंद ठळक प्रकार हे चौथ्या घराचे सर्वांत निखळ प्रतिनिधी मानण्यास हरकत नाही. लड्लोची पद्धत अशी होती की जुळारी पितळी मातृका हाताने ओळीत लावी, ती ओळ यंत्राला जोडली की सबंध ओळीचा एकच धातूचा तुकडा ओतून निघे, आणि छापून झाल्यावर तो वितळविला जाई. वृत्तपत्रांच्या मथळ्यांना आणि जाहिरातींना ही सोय मोठी होती. खिळे अपुरे पडण्याचा प्रश्न नाही आणि प्रत्येक ओळ नवी कोरी. केसासारखी रेघ असलेल्या अक्षराला हे विशेष मानवते. सुटे खिळे पुनःपुन्हा वापरले की सर्वांत आधी झिजते किंवा तुटते ती बारीक रेघच.

अरुंदपणाचे गणितही येथेच पाहिले पाहिजे. वृत्तपत्राचा स्तंभ रुंदीने ठरलेला असतो, उंची मात्र मिळू शकते. कमी रुंदीत मोठे अक्षर बसवावयाचे तर ते दोन्ही बाजूंनी दाबावे लागते. दाबलेल्या अक्षरातील सर्व रेघा ठळक ठेवल्या तर आतल्या पोकळ्या बुजतात. 'ई'च्या तीन आडव्या रेघांमध्ये, 'एस'च्या दोन वळणांमध्ये उजेड उरत नाही. साऱ्याच बारीक केल्या तर मथळ्याचा ठळकपणा जातो. उभे दांडे जाड ठेवून आडव्या रेघा आणि सांधे केसासारखे करणे हा ह्यावरचा उपाय होय. जाड दांड्यांनी ओळीला काळेपणा मिळतो आणि बारीक रेघांनी अक्षराला श्वास मिळतो. शिवाय सेरिफ नसल्यामुळे दोन अक्षरे अधिक जवळ आणता येतात, कारण शेजारच्या टोकांची टक्कर होत नाही. लेखणीपासून वारशाने आलेली वाटणी अशी जागेच्या काटकसरीला उपयोगी पडली. नजाकत हा तिचा आनुषंगिक परिणाम होता. पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातदारांनी तोच मुख्य मानला, ही गोष्ट वेगळी. लहान आकारात मात्र हे अक्षर निरुपयोगी ठरते. सेरिफ नसलेली केसासारखी रेघ शाईत किंवा कागदाच्या खडबडीत पृष्ठात विरून जाते, आणि ती कोठे संपली हे दाखविणारे टोकही तिला नसते.

चौथ्या घरातून ग्रंथाच्या पानापर्यंत पोचण्याचे श्रेय हेर्मान त्साप्फ ह्या जर्मन अक्षररचनाकाराला द्यावे लागते, आणि ते त्याने भेद कमी करून मिळविले. १९५० मध्ये तो फ्लॉरेन्सला गेला असता सान्ता क्रोचे ह्या चर्चच्या फरशीतील थडग्यांवर त्याला पंधराव्या शतकातील तीच सेरिफहीन अक्षरे दिसली. जवळ कागद उरला नव्हता, म्हणून त्याने हजार लिरांच्या नोटेवर त्यांची टिपणे काढली. ही कथा त्याने स्वतःच सांगितली आहे आणि ती नोट पुढे छापूनही प्रसिद्ध झाली. आरंभी त्याच्या मनात शीर्षकांचेच अक्षर होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील मन्रो व्हीलर ह्याच्या सल्ल्यावरून १९५४ मध्ये त्याने ते ग्रंथाच्या मजकुरालाही चालेल असे करण्याचे ठरविले. फ्रांकफुर्टच्या श्टेम्पेल फाउंड्रीने १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्साप्फला 'नवी अँटिक्वा' अशा अर्थाचे नाव हवे होते. विक्रेत्यांनी 'ऑप्टिमा', म्हणजे सर्वोत्तम, हे नाव दिले आणि ते त्याला फुशारकीचे वाटले. ह्या अक्षराचे उभे दांडे सरळ नसून कमरेशी नकळत आत गेलेले आहेत. स्थूलसूक्ष्मभेद आहे, पण तो शोधावा लागतो. १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावरील काळ्या दगडात अठ्ठावन्न हजारांच्या आसपास मृतांची नावे ह्याच वळणात कोरली गेली. थडग्यांवरून उचललेले अक्षर पुन्हा स्मरणशिलेवर गेले. अक्षराच्या आयुष्यात असे वर्तुळ क्वचितच पुरे होते.

'ऑप्टिमा'ने वर्गीकरणकारांची मात्र पंचाईत केली. माक्सिमिलियां व्हॉक्स ह्याने १९५४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात 'लिनेआल' हा एक वर्ग होता आणि छिन्नीने कोरल्यासारख्या अक्षरांचा 'इन्सीझ' हा दुसरा. भेदयुक्त सेरिफहीन अक्षर पहिल्यात बसत नाही, कारण त्याची रेघ एकसारखी नाही. दुसऱ्यात ते बसते असे 'ऑप्टिमा'बद्दल म्हणता येते, परंतु 'रेडियंट'चा आणि छिन्नीचा काडीचाही संबंध नाही. हेच वर्गीकरण १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय मुद्राक्षर संघटनेने स्वीकारले. ही संघटना १९५७ मध्ये स्थापन करणारा गृहस्थ दुसरातिसरा कोणी नसून शार्ल पेन्यो होता. त्याच्याच नावाच्या अक्षराला त्याच्याच संघटनेने मान्य केलेल्या कोष्टकात हक्काचे घर नव्हते. १९६७ मध्ये ब्रिटिश मानकसंस्थेने व्हॉक्सची नावे इंग्रजीत आणली आणि 'लिनिएल' ह्या वर्गाची व्याख्या केली ती 'सेरिफ नसलेली अक्षरे' अशी. नाव फ्रेंचांचे, निकष इंग्रजांचा. ह्या व्याख्येच्या आधाराने 'ऑप्टिमा' आणि होसे मेंदोसा ई आल्मेइदा ह्याचे १९६० चे 'पास्काल' ही अक्षरे गिलच्या अक्षराच्या शेजारी एका उपवर्गात बसविण्यात आली, आणि त्यांत काहीसा भेद असतो असे नमूद करून वेळ निभावून नेण्यात आली. 'एकरेषीय' वर्गात अनेकरेषीय अक्षरे असतात, असे प्रमाणग्रंथातच नोंदले गेले.

हा घोटाळा युरोपापुरता राहिला असता तर मराठी अभ्यासकाला त्यात कुतूहलापलीकडे स्वारस्य नव्हते. परंतु देवनागरीचे उपजत ठिकाण चौथे घर हेच आहे. तिच्या अक्षरांना सेरिफ नाही. शिरोरेघा म्हणजे सेरिफ नव्हे, ती अक्षराच्या घडणीचाच भाग आहे. आणि बोरूच्या तिरप्या कापामुळे स्थूलसूक्ष्मभेद तिच्यात पूर्वापार आहे, मात्र कापाची दिशा रोमन लेखणीच्या उलट असल्यामुळे जाड रेघा वेगळ्या ठिकाणी पडतात. जावजी दादाजींच्या निर्णयसागर फाउंड्रीचे खिळे ज्यांनी भिंगाखाली पाहिले असतील त्यांना हा भेद किती जपून कोरला होता हे ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समान जाडीच्या रेघेची देवनागरी पुढे आली तेव्हा ती रोमन सेरिफहीन अक्षराची जोडीदार मानली गेली. जणू देवनागरीतून सेरिफ वजा करावयाचे होते आणि ते सापडेना म्हणून भेद वजा केला. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गूगल कंपनीने जगातील बहुतेक लिप्यांसाठी 'नोटो' ही अक्षरमाला उपलब्ध करून दिली. तिच्यात देवनागरीची दोन वळणे आहेत. एकाचे नाव 'नोटो सॅन्स देवनागरी' आणि दुसऱ्याचे 'नोटो सेरिफ देवनागरी'. दुसऱ्यात सेरिफ शोधणाऱ्याला एकही सापडणार नाही. त्यात आहे तो फक्त अधिक जाडबारीकपणा, म्हणजे बोरूने लिहिणाऱ्या कोणाही कारकुनाच्या अक्षरात जो होता तोच.